संशोधकाचे मोजमाप : उद्धरणे, निर्देशांक आणि सहकाऱ्यांचे जाळे

- विशेष प्रतिनिधी

वैद्यकीय संशोधकाची थोरवी कशावरून ठरवावी, हा प्रश्न पूर्वी विद्वानांच्या वर्तुळापुरता मर्यादित होता. आता तो निवड समित्यांच्या बैठकांत, विद्यापीठांच्या जाहिरातींत आणि वृत्तपत्रांच्या पानांवर येऊन पोहोचला आहे. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या प्राध्यापकांचा समावेश’ अशी घोषणा महाविद्यालये अभिमानाने करतात. अर्जातील ‘एच निर्देशांक’ पाहून उमेदवार निवडले किंवा वगळले जातात. बढती, संशोधनाचा निधी आणि संस्थेची क्रमवारी अशा अनेक गोष्टी या आकड्यांवर अवलंबून असतात. त्यामुळे हे आकडे येतात कोठून, ते काय सांगतात आणि त्यांच्यातून काय निसटते, हे संशोधकांप्रमाणेच सर्वसामान्य वाचकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

उद्धरण म्हणजे काय?

कोणताही शोधनिबंध पूर्वसूरींच्या कामावर उभा असतो. आपण कोणाची पद्धत वापरली, कोणाचा निष्कर्ष पडताळला, कोणाशी मतभेद आहेत, हे लेखक निबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत नोंदवतो. या प्रत्येक नोंदीला ‘सायटेशन’, म्हणजे उद्धरण म्हणतात. एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला, याची मोजणी म्हणजे त्याची उद्धरणसंख्या.

या मोजणीचे जनक म्हणजे अमेरिकेतील युजिन गारफिल्ड. न्यायालयात एखादा निवाडा नंतर कोणत्या खटल्यांत आधार म्हणून वापरला गेला, हे दाखवणाऱ्या सूची अमेरिकी वकिलांकडे १९व्या शतकापासून होत्या. तीच कल्पना विज्ञानाला लावावी, असे गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात सुचवले. पुढे त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. आजचा ‘वेब ऑफ सायन्स’ हा माहितीसंच त्याचाच वारस होय. २००४ साली एल्सेव्हिअर कंपनीचा ‘स्कोपस’ आणि पाठोपाठ ‘गूगल स्कॉलर’ आला आणि मोजणी संगणकाच्या एका कळीवर आली.

मात्र तिन्ही ठिकाणी एकाच संशोधकाचा आकडा सारखा नसतो. पहिले दोन संच निवडक नियतकालिकांची नोंद ठेवतात. गूगल स्कॉलर मात्र प्रबंध, पूर्वमुद्रिते, पुस्तके आणि महाजालावरील अन्य लेखनही जमेस धरते. त्यामुळे तेथील आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. कोणता संच आणि कोणत्या तारखेची मोजणी, हे न सांगता दिलेली उद्धरणसंख्या म्हणूनच अपुरी समजावी.

एच निर्देशांकाचे गणित

नुसती एकूण उद्धरणे मोजली, तर एखादाच गाजलेला निबंध सारा हिशेब बिघडवतो. केवळ निबंध मोजले, तर कोणी न वाचलेल्या लेखनालाही श्रेय मिळते. यावर तोडगा म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच निर्देशांक मांडला. संशोधकाच्या ज्या जास्तीत जास्त निबंधांना किमान तितकीच उद्धरणे मिळाली असतील, ती संख्या म्हणजे त्याचा एच निर्देशांक.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संशोधकाचे १० निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ९०, ४१, २२, १५, ९, ६, ६, ३, १ आणि ० उद्धरणे मिळाली आहेत. एकूण उद्धरणे झाली १९३. उतरत्या क्रमाने मोजत गेल्यास सहाव्या निबंधाला ६ उद्धरणे आहेत. सातव्यालाही ६च आहेत, म्हणजे ७ पेक्षा कमी. म्हणून एच निर्देशांक ६. आता पहिल्या निबंधाला ९० ऐवजी ९ हजार उद्धरणे मिळाली असती, तरी निर्देशांक ६च राहिला असता! सातत्याची कदर करणारे हे माप एखाद्या युगप्रवर्तक निबंधाकडे अशी पाठ फिरवते.

हा निर्देशांक कधीही खाली येत नाही आणि वयाबरोबर वाढत जातो. साहजिकच तरुण संशोधकाची तुलना निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशी केल्यास ती अन्यायकारक ठरते. यावर उपाय म्हणून निर्देशांकाला पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागण्याची सूचना हिर्श यांनी केली. तथापि बाळंतपण, आजारपण किंवा कौटुंबिक जबाबदारीमुळे मध्ये काही वर्षे काम थांबवावे लागलेल्या संशोधकांना हा भागाकारही महागात पडतो. त्याचा फटका अर्थातच महिलांना अधिक बसतो.

विषय बदलला की पट्टीही बदलते

हिर्श यांच्या मूळ लेखातच एक बोलकी तुलना आहे. त्या वेळी भौतिकशास्त्रात सर्वाधिक निर्देशांक एडवर्ड विटन यांचा, ११० होता. जीवशास्त्राच्या यादीत मेंदूविज्ञानातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१, तर नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांचा १६० होता. याचा अर्थ जीवशास्त्रज्ञ अधिक बुद्धिमान असा नव्हे. वैद्यक व जीवशास्त्रात संशोधक अधिक, निबंध अधिक आणि संदर्भसूच्याही लांब असतात. त्यामुळे उद्धरणांचा बाजारच मोठा. वैद्यकातही कर्करोगावर काम करणाऱ्याची आणि सर्पदंशावर काम करणाऱ्याची वाचकसंख्या सारखी नसते.

हा भेद दूर करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘सापेक्ष उद्धरण गुणोत्तर’ हे माप प्रसिद्ध केले. एखाद्या निबंधाबरोबर ज्या अन्य निबंधांचा उल्लेख होतो, ते त्याचे शेजारी मानायचे. या शेजारावरून त्याचे क्षेत्र ठरवायचे आणि त्या क्षेत्रातील अपेक्षेच्या तुलनेत त्याला दरवर्षी किती उद्धरणे मिळतात ते पाहायचे. गुणोत्तर १ आले, तर या संस्थेच्या अनुदानातून निघालेल्या सर्वसाधारण निबंधाइतका त्याचा प्रभाव. २ आले, तर दुप्पट. ‘आयसाइट’ या संकेतस्थळावर हे गुणोत्तर कोणालाही विनामूल्य पाहता येते.

नियतकालिकाची प्रतिष्ठा, लेखकाची नव्हे

अनेक निवड समित्या उमेदवाराचे निबंध न वाचता ते कोठे छापले गेले, एवढेच पाहतात. त्यासाठी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ वापरला जातो. आधीच्या दोन वर्षांत नियतकालिकाने छापलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे तो सांगतो. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत, अशा कामांसाठी तो उपयुक्त होता. व्यक्तीचे मूल्यमापन हा त्याचा हेतूच नव्हता.

सरासरी किती फसवी असते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्फटिकशास्त्राच्या ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास असे. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एका संगणक आज्ञावलीविषयीचा लेख तेथे छापून आला. ती आज्ञावली वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करू लागला आणि २००९ सालचा इम्पॅक्ट फॅक्टर थेट ५० च्या घरात गेला. त्या वर्षी तेथे छापून आलेल्या इतर लेखांच्या गुणवत्तेत मात्र तसूभरही फरक पडला नव्हता.

उद्धरणसंख्या उपयोग दाखवते, थोरवी नव्हे, हेही याच उदाहरणातून दिसते. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत १०० निबंधांची यादी केली. तिच्या शिरोभागी होता ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ चा निबंध. त्याला तेव्हाच तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली होती. यादीतील बहुसंख्य निबंध अशाच प्रयोगपद्धतींचे अथवा आज्ञावलींचे होते. आपला हा निबंध फार थोर नव्हे, अशी कबुली स्वतः लॉरी यांनीच दिली होती.

लेखकांच्या रांगेतले स्थान

गणितात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापतात. वैद्यकात मात्र रांगेतील जागेला अर्थ आहे. प्रत्यक्ष काम ज्याने सर्वाधिक केले त्याचे नाव प्रथम, तर प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव शेवटी, असा संकेत आहे. त्यामुळे २०० उद्धरणांच्या निबंधात पहिले नाव असणे आणि तेविसावे असणे यांत महदंतर आहे. साधा एच निर्देशांक दोघांनाही सारखेच श्रेय देतो.

आपल्याकडे या संकेताकडे दुर्लक्ष झाल्याने वाद झाला. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देण्याचे ठरवले. संशोधनाची आखणी व मार्गदर्शन करणारा शेवटचा लेखक त्यामुळे हिशेबाबाहेर गेला. अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासातील तिसऱ्या-चौथ्या संशोधकाला सहकार्याचा लाभ काय, असा सवाल विचारला गेला. नंतर हे निकष बदलण्यात आले. परिषदेची जागाही २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली.

लेखक कोणाला म्हणावे, याचे निकष वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिले आहेत. कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण निबंधाचे उत्तरदायित्व, या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे या निकषांत बसत नाही.

सहकार्याचे जाळे

उद्धरणांप्रमाणेच सहलेखनाचाही आलेख काढता येतो. प्रत्येक संशोधक म्हणजे एक ठिपका. दोघांनी एकत्र निबंध लिहिला असेल तर त्यांना जोडणारी रेघ. मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये १९९५ ते १९९९ या काळातील ‘मेडलाइन’ या वैद्यकीय संचातील २० लाखांहून अधिक निबंधांवरून असे जाळे विणले. सुमारे १५ लाख लेखकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण एकमेकांशी कोणत्या ना कोणत्या साखळीने जोडलेले निघाले. प्रत्येकाचे सरासरी १८ सहलेखक होते. कोणत्याही दोघांमधील अंतर सरासरी पाचांहून कमी पावलांचे होते. वैद्यकाचे जग अफाट असले, तरी ते एक गावच आहे म्हणायचे.

जाळ्यातील स्थान दोन प्रकारे मोजतात. एक, थेट जोडलेल्या सहलेखकांची संख्या. दुसरे माप अधिक मार्मिक आहे. इतरांना जोडणारे किती मार्ग आपल्यावरून जातात, हे ते पाहते. मुंबईकराला हे दादर स्थानकावरून चटकन समजेल. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांना जोडणारे दादर नसते, तर दोन्ही मार्गांची कशी अडचण झाली असती! रोगप्रतिकारशास्त्र आणि संख्याशास्त्र, किंवा रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांना जोडणारा संशोधक असाच ‘दादर’ असतो. त्याचे सहलेखक मोजके असतील, पण तो गेल्यास दोन गटांचा संवाद तुटतो.

रेघ मात्र संबंधाची खोली सांगत नाही. शेकडो लेखकांच्या निबंधात नावे शेजारी असलेले दोघे कधी भेटलेलेही नसतात. याउलट खरे सहकार्य कधी कधी रेघेत उमटतच नाही. अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून ॲमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना मिळाले. त्याने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला तात्पुरता उतार पडतो, हे सांगणारा १९४८ चा फार्बर यांचा निबंध वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. त्याच्या पाच लेखकांत सुब्बाराव यांचे नाव नाही.

मुंबई आणि महाडची दोन उदाहरणे

१९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाविषयीचा छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या सात लेखकांपैकी पहिले तिघे मुंबईचे होते : डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. उर्वरित चौघे, म्हणजे रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स, हे लंडनचे. मुंबईत आढळलेले कोडे लंडनच्या प्रयोगशाळांच्या साहाय्याने उलगडले आणि ‘बॉम्बे रक्तगट’ जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. या गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्यामुळे हे ज्ञान रक्तपेढ्यांसाठी जीवनमरणाचे आहे. आज असंख्य लेखक ‘बॉम्बे रक्तगट’ हे शब्द मूळ निबंधाचा उल्लेख न करताच वापरतात. शोध इतका रुजतो की शोधकाचे नाव गळून पडते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. उद्धरणांच्या हिशेबात मात्र हा सर्वोच्च सन्मान शून्यच धरला जातो.

दुसरे उदाहरण महाडचे. कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू पाहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली. लाल विंचवाच्या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम सांगणारा त्यांचा एकट्याचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. प्राझोसिन आणि प्रतिविष यांच्या एकत्रित वापराची यादृच्छिक चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली, तेव्हाही लेखक हे दोघेच होते. या निबंधांवरून सहकार्याचा आलेख काढला, तर दोन ठिपके आणि एक रेघ एवढेच चित्र उमटेल. आंतरराष्ट्रीय सहलेखन शून्य. परंतु गंभीर विंचूदंशात पूर्वी सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारांनंतर एका टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. वाचलेल्या जिवांसाठी कोणत्याही निर्देशांकात रकाना नाही.

नावांचा घोळ आणि आकड्यांचे गैरप्रकार

मोजणी करण्यापूर्वी निबंध कोणाचा, हे ठरवावे लागते. येथे मराठी नावे हमखास गोंधळ उडवतात. आडनाव आणि आद्याक्षर एवढ्यावर शोध घेतल्यास ‘पाटील एस.’ किंवा ‘कुलकर्णी ए.’ या एका नावाखाली कितीतरी व्यक्ती निघतात. वडिलांचे नाव कधी मध्ये येते, कधी गाळले जाते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते आणि तिचा निर्देशांक नाहक घटतो. ‘पबमेड’मध्ये लेखकांची पूर्ण नावे २००२ पासूनच येऊ लागली. त्यामुळे जुन्या नोंदी अधिकच संदिग्ध आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्किड’ या व्यवस्थेत संशोधकाला १६ अंकी कायमची ओळख मिळते. नाव बदलले तरी ती बदलत नाही.

शिवाय उद्धरण म्हणजे नेहमीच प्रशंसा नव्हे. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध भरपूर उद्धृत झाला, पण बहुतांश वेळा खंडनासाठी. ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला. संगणकाला मात्र खंडन आणि मंडन यांतला भेद मोजणीच्या वेळी कळत नाही. स्वतःच्याच जुन्या निबंधांचा भरमसाट उल्लेख करणे, मित्रमंडळींनी आपापसांत उद्धरणांची देवाणघेवाण करणे, हे प्रकारही होतात. माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, याचा हा प्रत्यय.

दोन टक्क्यांच्या यादीचे वास्तव

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रथम एक लाख शास्त्रज्ञांची यादी प्रसिद्ध केली. ‘स्कोपस’मधील माहितीवर आधारलेल्या या यादीत नंतर प्रत्येक उपविषयातील अव्वल दोन टक्क्यांचाही समावेश झाला. एकूण उद्धरणे, एच निर्देशांक, सहलेखकांच्या प्रमाणात विभागलेला निर्देशांक, तसेच एकमेव, पहिले किंवा शेवटचे लेखक म्हणून मिळालेली उद्धरणे अशा सहा घटकांतून गुण काढले जातात. स्व-उद्धरणे धरून आणि वगळून असे दोन्ही हिशेब दिले जातात. म्हणजेच लेखकांच्या रांगेची दखल घेणारी ही तुलनेने विचारी पद्धत आहे.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. हा विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नव्हे. आणि संपूर्ण कारकिर्दीची यादी व केवळ एका वर्षाची यादी या दोन वेगळ्या आहेत. महाविद्यालयाचा फलक यांपैकी कोणत्या यादीविषयी बोलतो, हे विचारायलाच हवे.

मग मापे टाकून द्यायची काय?

तसे कोणी म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये आकाराला आलेल्या घोषणापत्राने व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, असे आवाहन केले. २०१५ च्या ‘लायडेन जाहीरनाम्या’तील दहा तत्त्वांचा रोखही हाच आहे : आकड्यांनी तज्ज्ञांच्या विवेकाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. मोजमापाला फाटा दिला, तर वशिला आणि ज्येष्ठता यांचेच राज्य येईल, ही भीती आपल्याकडे निराधार नाही. दूरच्या गावातील अनोळखी संशोधकाला निदान आकडा तरी वाचा फोडतो.

म्हणून संशोधकाविषयी आकडा समोर आला, की काही प्रश्न विचारावेत. तो कोणत्या संचातून आणि कोणत्या तारखेला घेतला? तुलना त्याच विषयातील, त्याच वयाच्या संशोधकांशी आहे काय? स्व-उद्धरणे वगळली काय? लेखकांच्या रांगेत त्याचे स्थान कोठे? सहलेखक त्याच संस्थेचे की अन्य शहरांतले, अन्य विषयांतले? निबंध मागे तर घेतला गेला नाही? कामाचा उल्लेख उपचारांच्या मार्गदर्शक सूत्रांत झाला आहे काय? आणि शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : निवड करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचले आहेत? या प्रश्नाचे उत्तर ‘एकानेही नाही’ असे येणार असेल, तर निर्देशांक कितीही दशांश स्थळांपर्यंत अचूक असला, तरी निवड अंदाजपंचेच झाली असे समजावे.